ओटीवरची शिंगे, वेशीवरचा वाघ

शिकारीत मारलेल्या जनावराचे शिंग, कवटी, कातडे किंवा मुंडके टिकवून ते घरात सर्वांना दिसेल अशा जागी मांडण्याच्या प्रथेचा विचार बहुधा राजवाडे आणि साहेबी बंगले यांच्या संदर्भात केला जातो, आणि त्यामुळे ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड तालुक्यांतल्या साध्या कौलारू घरांच्या ओटीवर, माळ्यावर किंवा तुळईला अधूनमधून आढळणारी सांबराची शिंगे, रानडुकराचे सुळे आणि ताठरून गेलेली कातडी या विचारातून सुटून जातात. अशा वस्तूची मांडणी कशी करावी हा प्रश्न वरवर पाहता घराच्या सजावटीचा वाटतो. परंतु त्याच्या उत्तरात वन्यजीवांविषयीचा कायदा, कातडे टिकवण्याचे तंत्र, घाटाखालचा पाऊस, घराच्या भिंतींची जात आणि या मुलखातील आदिवासी समाजाने वाघाला नेमून दिलेली जागा अशा अनेक गोष्टी गुंतलेल्या असतात. त्यांचा क्रमही महत्त्वाचा आहे, कारण वस्तू घरात ठेवण्याचा हक्क आहे की नाही हे ठरल्याशिवाय खिळा कोठे ठोकावा हा प्रश्न उद्भवतच नाही.

हा प्रदेश सह्याद्रीच्या मुख्य कड्याला बिलगून आहे. शहापूर तालुक्यात माहुलीचा किल्ला, आजोबाचा डोंगर आणि मुंबईला पाणी पुरवणाऱ्या तानसा व भातसा जलाशयांभोवतीचे रान येते, तर मुरबाड तालुक्यात माळशेज आणि नाणेघाटाचा पायथा, सिद्धगड, गोरखगड आणि टोकावडे-धसईच्या बाजूची जंगले येतात. तानसा हे अभयारण्य आहे, आणि 1985 मध्ये घोषित झालेल्या भीमाशंकर अभयारण्याचा काही भाग घाट उतरून ठाणे जिल्ह्यातही आलेला आहे. साग, ऐन आणि मोह यांच्या या पानगळी रानात आज बिबट्या, भेकर, सांबर आणि रानडुक्कर ही जनावरे टिकून आहेत. पट्टेरी वाघाची मात्र आठवण आणि देवस्थानेच उरली आहेत. बिबट्याचा वावर किती विस्तृत असू शकतो हे 2009 मध्ये ‘आजोबा’ नावाने प्रसिद्ध झालेल्या नराने दाखवून दिले: अहमदनगर जिल्ह्यातील टाकळी ढोकेश्वर येथे विहिरीतून काढून माळशेज घाटात सोडलेला हा प्राणी, डॉ. विद्या अत्रेय यांच्या अभ्यासगटाने त्याच्या गळ्यात बसवलेल्या पट्ट्याच्या नोंदींनुसार, सुमारे 120 किलोमीटर चालून मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत पोहोचला.

या रानांत शिकारीला बाहेरून माणसे येऊ लागली त्यात रेल्वेचा वाटा मोठा होता. लोहमार्ग टप्प्याटप्प्याने वाढत 1865 मध्ये थळ घाटातून इगतपुरीपर्यंत पोहोचला, तसतशी वासिंद, खर्डी, कसारा ही ठिकाणे मुंबईच्या बंदूकधाऱ्यांच्या आवाक्यात आली. जेम्स कॅम्बेल यांनी संपादित केलेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा ठाण्याविषयीचा खंड 1882 मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यात जिल्ह्यातील वन्य जनावरांचे वर्णन करताना वाघाचाही उल्लेख केलेला आहे. त्या काळच्या शिकारीची रचना लक्षात घेतली म्हणजे आजच्या घरांतील अवशेषांचे स्वरूप समजते. मचाणावर बसणारा परवानाधारक पाहुणा आणि रानात पसरून हाकारे घालणारे, म्हणजे आरडाओरडा करून आणि डबे वाजवून जनावर मचाणाच्या दिशेने हुसकावणारे ठाकर, कातकरी व महादेव कोळी गडी, असे शिकारीचे दोन थर असत. हाकाऱ्यांच्या वाट्याला मजुरी आणि मांसाचा वाटा येई, तर शिंग व कातडे बंदूक चालवणाऱ्याबरोबर मुंबईला किंवा त्याहून दूर जाई. गावात राहिल्या त्या वस्तू त्यामुळे मुख्यतः तीन वाटांनी आलेल्या दिसतात: पीकसंरक्षणासाठी परवान्याची ठासणीची बंदूक बाळगणाऱ्या पाटील-खोतांच्या घरातून, रानात गळून पडलेली शिंगे वेचून आणणाऱ्यांच्या हातून, आणि कोणा साहेबाने किंवा सावकाराने दिलेल्या भेटीतून. या तिन्हींचा दर्जा लोकांच्या मनात वेगवेगळा असला तरी कायद्यापुढे तो जवळजवळ सारखाच आहे, याकडे पुढे यावे लागेल.

अशा मांडलेल्या अवशेषाचे, म्हणजे ट्रॉफीचे, रूप ठरवणारी फॅशन या मुलखात घडली नाही. लंडनच्या रोलंड वॉर्ड या पेढीने 1892 मध्ये शिंगांच्या मापांची नोंदपुस्तिका काढली, आणि तेव्हापासून शिंगाची लांबी व घेर हा प्रतिष्ठेचा हिशेब झाला. हिंदुस्थानात म्हैसूरच्या व्हॅन इंगेन पेढीने विसाव्या शतकाच्या आरंभापासून शतकाच्या अखेरीपर्यंत संस्थानिकांचे आणि शिकाऱ्यांचे वाघ व बिबटे हजारोंच्या संख्येने भरून दिले. कोल्हापूरच्या न्यू पॅलेसमधील संग्रहालयात त्या काळची अभिरुची आजही पाहता येते. या कलेला चर्मपूरण किंवा टॅक्सिडर्मी म्हणतात, मात्र बोलीत ‘पेंढा भरणे’ हाच शब्द चालतो, आणि तो जुन्या कामाच्या बाबतीत पुष्कळदा खराही असे, कारण कातडे शिवून आत भुसा किंवा पेंढा कोंबला की काम संपले अशी समजूत होती. कुशल कारागीर मात्र मेलेल्या जनावराची मापे घेऊन कागदाच्या लगद्याचा किंवा प्लास्टरचा पोकळ साचा तयार करीत आणि कमावलेले कातडे त्यावर चढवीत. अमेरिकेत कार्ल एकली यांनी स्नायूंच्या उठावासह शिल्पासारखा साचा घडवण्याची रीत प्रगत केली, आणि त्यानंतर पेंढा भरलेला व साच्यावर चढवलेला प्राणी यांतील फरक जाणकारांना दुरूनही ओळखू येऊ लागला. ओठांच्या कडा ताणलेल्या असणे, डोळ्यांच्या भोवतालचे कातडे आतल्या बाजूला वळलेले नसणे आणि मान नळकांड्यासारखी गोल असणे ही कच्च्या कामाची लक्षणे होत. वाघाच्या डोळ्याची बाहुली गोल असते आणि हरणवर्गातील प्राण्यांची आडवी, एवढी गोष्टही कित्येक मुंडक्यांत पाळलेली नसते, आणि गावच्या ओटीवरचे सांबर कधीकधी मांजराच्या डोळ्यांनी पाहताना दिसते ते यामुळेच.

ट्रॉफीच्या प्रकारांत सर्वांत साधा आणि या तालुक्यांत सर्वाधिक आढळणारा प्रकार म्हणजे लाकडी ढालीवर किंवा फळीवर बसवलेली शिंगे. येथे एक भेद ध्यानात ठेवणे आवश्यक आहे: सांबर, चितळ आणि भेकर यांची शिंगे भरीव हाडाची असून ती दरवर्षी गळतात व नव्याने उगवतात, तर गवा किंवा काळवीट यांचे शिंग पोकळ असते, आतल्या हाडाच्या गाभ्यावर नखासारख्या द्रव्याचे आवरण असते आणि ते जन्मभर राहते. यामुळे सांबराच्या शिंगाच्या बुडाकडे पाहिले असता ते मारलेल्या जनावराचे आहे की रानात सापडलेले, हे सहज कळते. गळलेल्या शिंगाच्या बुडाशी खडबडीत, किंचित फुगीर तळ दिसतो, तर मारलेल्या जनावराच्या शिंगाला कवटीचा तुकडा जोडलेला असतो. दुसरा प्रकार म्हणजे संपूर्ण कवटी, जिला उकळून व स्वच्छ करून शिंगांसह ढालीवर लावतात. तिसरा, मानेपर्यंतचे किंवा खांद्यापर्यंतचे मुंडके. चौथा, डोके भरलेला आणि पाय पसरलेला गालिचा, ज्याच्या कडांना बहुधा लाल किंवा हिरव्या बनातीची किनार शिवलेली असते. संपूर्ण उभे जनावर हा प्रकार जव्हारसारख्या संस्थानी वाड्यांचा. शहापूर-मुरबाडच्या घरांत त्यासाठी जागाही नव्हती आणि कारणही नव्हते.

जागेचा विचार करताना घराची बांधणी पाहावी लागते. कारवीच्या काड्या उभ्या करून, त्यांवर शेण-मातीचा गिलावा देऊन केलेल्या कुडाच्या भिंतीला सांबराच्या पूर्ण वाढलेल्या शिंगांचे वजन पेलवत नाही, आणि म्हणून जुन्या घरांत शिंगे भिंतीला लावण्याऐवजी सागाच्या मेढीला, म्हणजे घराच्या मुख्य खांबाला, बांधलेली असत. ओटी ही पाहुण्यांची जागा असल्याने शिंगेही तेथेच असत, आणि तेथे त्यांचा उपयोग खुंटीसारखा होई. पागोटे, छत्री, पिशवी, पावसाळ्यात इरले अडकवायला सांबराच्या शिंगाइतकी सोयीची वस्तू नव्हती. या वापरात मिरवण्याचा भाग नव्हता असे नाही, तथापि मिरवणे व वापरणे यांची सरमिसळ झाल्यामुळे वस्तूला घरात एक नैसर्गिक स्थान मिळे, जे आजच्या सिमेंटच्या दिवाणखान्यात ढालीसह टांगलेल्या शिंगांना क्वचितच मिळते. एवढेच नव्हे, तर माळ्यावरच्या शिंगाचा तुकडा उगाळून लेप लावण्याचीही रीत होती, आणि कित्येक घरांतील शिंगांची टोके त्यामुळेच झिजलेली दिसतात.

आता कायद्याकडे वळणे भाग आहे, आणि तो सविस्तर सांगणे भाग आहे, कारण या बाबतीत लोकांच्या समजुती बहुधा चुकीच्या असतात. मुंबई राज्याच्या 1951 च्या वन्य प्राणी व पक्षी संरक्षण अधिनियमाने शिकारीला परवान्याची चौकट घातली होती. 1970 मध्ये वाघाच्या शिकारीवर देशभर बंदी आली. आणि 1972 च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाने चित्र पूर्ण पालटले. या अधिनियमातील ट्रॉफीची व्याख्या मुद्दाम व्यापक ठेवलेली आहे. उपद्रवी म्हणून घोषित केलेले प्राणी सोडून कोणत्याही वन्य प्राण्याचा टिकवून ठेवलेला संपूर्ण देह किंवा त्याचा कोणताही भाग तीत येतो, आणि त्यात चर्मपूरण केलेल्या वस्तूंबरोबर शिंग, हाड, नख, दात, केस, पीस, अंडे आणि घरटे यांचाही समावेश होतो. म्हणजेच रानात सापडलेले गळके शिंग आणि गळ्यातल्या पदकातले वाघनख या दोन्ही वस्तू, त्यांसाठी कोणी प्राणी मारला असो वा नसो, कायद्याच्या कक्षेत येतात. मोराच्या शेपटीच्या पिसांना मात्र काही सवलत आहे. कोणाला ट्रॉफी मेलेल्या जनावराच्या अवशेषांपासून मिळाली की रानवाटेवर पडलेली सापडली, हा भेद ताबा ठेवण्याच्या बाबतीत निर्णायक ठरत नाही.

अधिनियमाचा मूळ हेतू जुन्या वस्तू जप्त करण्याचा नव्हता. कलम 40 नुसार त्यांची घोषणा करायची, मुख्य वन्यजीव रक्षकाने चौकशी करायची आणि कलम 42 नुसार मालकी प्रमाणपत्र द्यायचे, अशी व्यवस्था होती, आणि शक्य असेल तेथे वस्तूवर ओळखीची खूण उमटवण्याचीही तरतूद होती. ज्यांनी ही घोषणा केली नव्हती त्यांच्यासाठी 2003 मध्ये नियम करून 180 दिवसांची एक शेवटची मुदत देण्यात आली. ती त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये संपली. त्यानंतर प्रमाणपत्रधारकाखेरीज इतर कोणालाही ट्रॉफी नव्याने स्वीकारता किंवा बाळगता येत नाही, याला अपवाद केवळ वारसा हक्काचा, आणि वारसानेही ती वारसाने मिळाल्यापासून 90 दिवसांच्या आत घोषणा करणे बंधनकारक आहे. वस्तूची विक्री किंवा कोणत्याही व्यापारी मोबदल्यावर हस्तांतर करता येत नाही. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेल्यास 30 दिवसांत कळवावे लागते, आणि ताब्यात असलेली वस्तू बेकायदा आहे असे कलम 57 गृहीत धरते, म्हणजे ती कायदेशीर असल्याचे सिद्ध करण्याचे ओझे बाळगणाऱ्यावर पडते. वाघ आणि बिबट्या यांच्या बाबतीत दोष सिद्ध झाल्यास किमान 3 व कमाल 7 वर्षांचा कारावास आणि 2022 च्या दुरुस्तीनंतर किमान 25,000 रुपये दंड होऊ शकतो. शेतात नुकसान करणाऱ्या किंवा जिवावर उठलेल्या जनावराला परवानगीने वा स्वसंरक्षणार्थ मारले, तरी ते शासनाच्या मालकीचे होते. त्याचे सुळे किंवा नखे मारणाऱ्याची होत नाहीत.

या तरतुदींचा मुरबाड-शहापूरच्या संदर्भातील परिणाम चमत्कारिक आहे. ज्या घरांत इंग्रजी समजणारा वकील किंवा वनाधिकारी येत-जात असे, त्या घरांतील वस्तूंची नोंद झाली, आणि ज्या घरांत नुसते शिंग खुंटीच्या जागी होते, तेथे अशी काही घोषणा करावयाची असते हेच कळले नाही. मुदतीच्या व्यवस्थेत हा उघड दोष आहे, आणि तो झाकण्याचे कारण नाही. पण त्यावरून प्रमाणपत्र नसलेली वस्तू गुपचूप ठेवावी किंवा दुसऱ्याच्या नावावर दाखवावी असा निष्कर्ष निघत नाही, उलट भिंतीवर ठळकपणे लावलेली नोंद नसलेली वस्तू बाळगणाऱ्यालाच अडचणीत आणते. शहराकडून आलेल्या मंडळींनी या तालुक्यांत जी फार्महाऊस बांधली आहेत, त्यांच्या सजावटीसाठी शिंगे विकत घेण्याची हौस तर सरळसरळ गुन्ह्यात मोडते. तिच्यासाठी फायबर किंवा राळेची नक्कल सहज मिळते, आणि ती उत्तम प्रतीची असली तर दोन हातांच्या अंतरावरून ओळखूही येत नाही.

प्रमाणपत्र हाती असलेल्या घराने निवड कशी करावी याचे उत्तर सजावटीच्या पुस्तकांत शोधण्यापूर्वी या भागात वाघाची मांडणी परंपरेने कशी होते हे पाहणे अधिक उपयोगाचे आहे. वारली, ठाकर, महादेव कोळी आणि इतर समाजांत वाघोबा हा देव आहे. लाकडाच्या फळीवर किंवा दगडावर कोरलेली वाघाची आकृती, तिच्याजवळ कधी चंद्र-सूर्य, वर शेंदराचा लेप, आणि जागा गावाच्या वेशीवर, रानाच्या कडेला किंवा घाटाच्या वाटेवर. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या वारली आणि वाघोबाविषयीच्या एका अभ्यासाने मुंबई उपनगर, ठाणे व पालघर जिल्ह्यांत अशी दीडशेहून अधिक ठाणी नोंदवली. अश्विन वद्य द्वादशीला, ज्या दिवशी पठारावर गायवासराची वसुबारस असते, त्या दिवशी या भागात वाघबारस पाळली जाते, आणि गुराढोरांचे व माणसांचे रक्षण व्हावे म्हणून वाघोबाला नैवेद्य दाखवला जातो. या रचनेत लक्षणीय गोष्ट ही, की वाघाला दिलेली जागा घराच्या आत नसून वस्तीच्या कडेला आहे. त्याच्याशी करार करायचा तो अंगणाबाहेर. कातडे दिवाणखान्यात आणून त्याच्यावर पाय ठेवण्याची कल्पना या व्यवस्थेत बसत नाही, आणि वेशीवरचा वाघ रंगवणाऱ्या माणसाने ओटीवर मारलेल्या वाघाचे मुंडके लावले असते, तर शेजाऱ्यांना ते विचित्र वाटले असते असे मानण्यास जागा आहे.

या भागातील नोंदलेल्या ट्रॉफीच्या मांडणीसाठी येथूनच काही गोष्टी सुचतात. पहिली, आकार आणि पवित्रा यांविषयी: दात विचकलेले, जीभ लाल रंगवलेले मुंडके हे मूळ प्राण्यापेक्षा शिकाऱ्याविषयी जास्त सांगते, म्हणून जुनी वस्तू असेल तशी राहू द्यावी, पण नव्या रंगरंगोटीने तिची उग्रता वाढवू नये. दुसरी, उंचीविषयी: मुंडके छताजवळ लटकवले की पाहणारा त्याच्या हनुवटीकडे पाहतो आणि शिंगांचा फाटा अंधारात जातो, उभ्या माणसाच्या नजरेच्या किंचित वर, ढालीचा मागचा भाग भिंतीपासून बोटभर सुटा राहील असा, दोन आकड्यांवर तोलून लावलेले बरे, कारण एका खिळ्यावर तोललेले मुंडके घराच्या हालचालीबरोबर वाकडे होते आणि ढालीला चीर पडते. तिसरी, दिशेविषयी: पावसाळ्यात झडीचा मारा ज्या भिंतीवर येतो तिच्या आतल्या बाजूला ते लावू नये, आणि दुपारचे ऊन थेट पडेल अशा खिडकीसमोरही नको, कारण प्रकाशाने केस फिके होतात व कोरडेपणाने कानाच्या कडा फुटतात. चुलीच्या धुराने पूर्वी किडींना आळा बसे. गॅस आल्यावर तो आधार गेला आणि कातडी कुरतडणाऱ्या भुंग्यांच्या अळ्या व कसर यांचे काम सोपे झाले.

घाटाखालचा पाऊस हा येथील खरा शत्रू आहे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवा ओलीने भरलेली असते, आणि हिवाळ्यात ती एकाएकी कोरडी होते; हा चढउतार कातडे व लाकूड यांना कायमच्या दमटपणापेक्षा अधिक मारक ठरतो. प्लास्टिकच्या कापडात घट्ट गुंडाळणे हा सर्वांत वाईट उपाय, कारण आतला ओलावा आत राहून बुरशी धरते. सुती चादर सैल टाकावी, पावसाळ्यानंतर एकदा सावलीत वारा द्यावा, केसांच्या दिशेने मऊ ब्रशने धूळ काढावी, आणि तेल, मेण, व्हार्निश यांपैकी काहीही लावू नये. हाडाच्या शिंगांनाही तेल पाजण्याची लोकांत सवय आहे, पण धूळ त्याला चिकटून काळा थर होतो, जो पुन्हा काढता येत नाही.

एका धोक्याचा उल्लेख वेगळा करणे गरजेचे आहे. अठराव्या शतकात फ्रान्समधील मेट्सच्या बेकर नावाच्या चर्मपूरकाने सोमलमिश्रित साबणाची युक्ती शोधली, आणि तेव्हापासून जुन्या कातड्यांच्या आतल्या बाजूला सोमल, म्हणजे आर्सेनिक, लावण्याची प्रथा सर्वत्र पसरली. हे विष कातड्यात दशकानुदशके राहते, आणि जुने मुंडके फाटलेले किंवा भुकटी पडणारे असल्यास ती भुकटी घरात, विशेषतः ओटीवर झोपणाऱ्यांच्या आणि रांगणाऱ्या मुलांच्या आवाक्यात येऊ नये. हातमोजे व तोंडाला फडके याविना अशी वस्तू हाताळू नये, आणि ती घरच्या घरी धुण्याचा प्रयत्न तर मुळीच करू नये. गालिचाच्या प्रकाराची, ज्याला पायाखाली अंथरण्याचा शिष्टाचार होता, शिफारस आज करता येत नाही ती या कारणासाठीसुद्धा.

एवढे सगळे करून त्या वस्तूचे मोल कशात आहे, या प्रश्नाला शिकाऱ्याच्या वंशजांकडून सहसा शौर्याचे उत्तर येते, आणि ते अपुरे आहे. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने 1911 ते 1923 या काळात देशभर सस्तन प्राण्यांची पाहणी केली, तेव्हा नमुन्याच्या पायाला बांधलेली चिठ्ठी, जीवर ठिकाण, तारीख, माप आणि गोळा करणाऱ्याचे नाव असे, ही कातड्याइतकीच महत्त्वाची मानली गेली. चिठ्ठी नसलेल्या कातड्याला अभ्यासकाच्या लेखी फारसा अर्थ राहत नाही. आज जुन्या कातड्यातून आणि हाडातून वंशद्रव्य काढता येते, त्यामुळे ठाणे जिल्ह्यातून नाहीशा झालेल्या वाघाचे एखादे नोंदलेले कातडे माहुलीच्या रानात कोणत्या प्रकारचे वाघ होते याचा पुरावा ठरू शकते. मात्र जागेच्या नोंदीवाचून तेच कातडे कोठलेही ठरते. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातील प्राणिदालनासमोर उभे राहिल्यावर जाणवते ते हेच, की तेथे पाहणाऱ्याचे लक्ष मारणाऱ्याकडे न जाता अधिवासाकडे जाते. घरगुती मांडणीतही ढालीवरील पितळी पट्टीवर शिकाऱ्याचे नाव आणि इंच यांऐवजी जागा, वर्ष, प्रमाणपत्राचा क्रमांक आणि जनावराचे मराठी नाव कोरता येईल, आणि काही ठाऊक नसेल तर ते तसे लिहिता येईल. जुनी पट्टी काढून टाकू नये. तीही पुराव्याचाच भाग आहे.

हल्लीच्या काळात चर्मपूरणाचे काम कोठे चालते याचीही नोंद घेतली पाहिजे. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात 2009 मध्ये वन्यजीव चर्मपूरण केंद्र सुरू झाले आणि मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. संतोष गायकवाड यांनी तेथे प्राणिसंग्रहालयांत मेलेले वाघ, सिंह व अन्य प्राणी शासकीय परवानगीने टिकवून शिक्षणासाठी उभे केले. या कामात प्राणी मारलेला नसतो आणि त्याचा मालक शासन असते, म्हणून ते खाजगी दिवाणखान्याकडे कधीच येत नाही. ज्यांना रानाचे काहीतरी घरात हवे आहे त्यांच्यासाठी कायदेशीर वाटाही आहेत. 1927 मध्ये वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी वाघांची छायाचित्रे असलेले पुस्तक प्रसिद्ध केले, आणि बंदुकीऐवजी कॅमेऱ्याने केलेल्या शिकारीचा तो सुरुवातीचा दाखला आहे. शेताच्या बांधावर ओल्या मातीत उमटलेल्या बिबट्याच्या पावलावर प्लास्टर ओतून घेतलेला साचा तर मुरबाडच्या शेतकऱ्याला फुकटात आणि निर्धास्तपणे मिळू शकतो.

राहतो तो वाटणीचा प्रश्न, आणि तोच या घरांत आज सर्वांत निकडीचा आहे. वडिलांच्या मागे भावाभावांत घर, जमीन आणि भांडी वाटली जातात तेव्हा सांबराच्या शिंगांचा किंवा बिबट्याच्या कातड्याचा वाटा कोणाला, हे कोणी लिहून ठेवलेले नसते, आणि मूळ प्रमाणपत्र वडिलांच्या नावावर, पत्र्याच्या पेटीत, फार तर 7/12 च्या उताऱ्यांत घुसलेले सापडते. वस्तू ज्याच्या घरी राहिली त्याने 90 दिवसांत घोषणा करावी, उरलेल्यांनी लेखी संमती द्यावी, आणि वस्तू वाटणीत पैशांच्या हिशेबात धरू नये, कारण मोबदला घेऊन हक्क सोडणे हा व्यापारी व्यवहार ठरू शकतो. भिंतीची जागा, ढालीचे लाकूड आणि नव्या दिव्याची उंची हे निर्णय त्यानंतरचे. कोणाही भावाला ती वस्तू नको असेल, तर 2022 च्या दुरुस्तीने आणलेल्या कलम 42 अ नुसार मुख्य वन्यजीव रक्षकाला कामकाजाच्या सात दिवसांची पूर्वसूचना देऊन प्रमाणपत्रासह ती शासनाकडे सोपवता येते. तिचा मोबदला मिळत नाही, आणि सोपवल्याच्या दिवसापासून ती राज्य शासनाची मालमत्ता होते.